लिपिडवर पीएचडी करावी का? एटीपीच्या कुपीतल्या अशुद्धीची गोष्ट

एमएस्सी बायोकेमिस्ट्री झालेल्या एका मुलीने विचारलं आहे: "नेट-जेआरएफ ही संशोधन-शिष्यवृत्ती मिळाली आहे. पीएचडीसाठी दोन लॅब मला घ्यायला तयार आहेत. एकीत जनुक-संपादन आहे, दुसरीत यकृतातलं लिपिड चयापचय. सगळे सांगतात की लिपिडमधलं शोधायचं ते १९६० पर्यंत शोधून झालं, आता फक्त पाठ करायचं उरलं. तिथे आयुष्य घालवण्याजोगं काही आहे का?"

आहे, आणि पुष्कळ आहे. मी बत्तीस वर्षं लिपिडवरच, म्हणजे चरबी आणि तिच्या जातकुळीच्या रेणूंवरच, काम करते आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार हे धरूनच पुढचं वाच.

"शोधून झालं" असं वाटण्याचं कारण आपली पाठ्यपुस्तकं. पानावर एका रेणूपासून दुसऱ्या रेणूकडे बाण काढलेला असतो, बाणावर एन्झाइमचं, म्हणजे ती क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं, नाव असतं, आणि परीक्षेला तेवढं पुरतं. तो बाण कुणी काढला, त्याला किती वर्षं लागली, त्या वेळी काय जुळत नव्हतं, यातलं काहीच पानावर नसतं. म्हणून मी तुला एकाच माणसाची कारकीर्द जरा तपशिलात सांगते. तुझ्या पुस्तकातले लिपिडचे निदान पाच-सहा बाण त्याच्या प्रयोगशाळेतून आले आहेत, आणि त्यातले काही आजही अर्धे उघडेच आहेत.

युजीन केनेडी. जन्म १९१९ चा, शिकागोतला, आईवडील आयर्लंडहून आलेले. डीपॉल विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते शिकागो विद्यापीठात सेंद्रिय रसायनात पीएचडी करायला गेले. फी भरायची म्हणून आर्मर या मांस-उद्योगातल्या मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी धरली. तेवढ्यात युद्ध पेटलं आणि तिथे रक्तद्रवातून अल्ब्युमिन वेगळं करण्याचं काम अंगावर आलं. जखमी सैनिकांना देण्यासाठी ते हवं होतं. युद्ध संपेपर्यंत या तरुणाचा ओढा सेंद्रिय रसायनाकडून जिवंत पेशीतल्या रसायनाकडे वळला होता. विषय बदलून ते अल्बर्ट लेनिंजर यांच्याकडे आले. लेनिंजर हे नाव तुझ्या कपाटातल्या जाड पुस्तकावर आहे, तेच हे.

त्यांना काय प्रश्न मिळाला हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १९०४ मध्ये फ्रान्झ क्नूप यांनी एक प्रयोग केला होता. आजही तो वर्गात शिकवताना मला मनापासून आनंद होतो. मेदाम्ल, म्हणजे चरबीतली कार्बनची लांब साखळी, शरीरात गेलं की जळून जातं, मागे माग राहत नाही. मग त्याचा पाठलाग कसा करायचा? किरणोत्सारी खुणा तेव्हा नव्हत्या. क्नूप यांनी मेदाम्लाच्या शेपटीला बेंझिनचं कडं जोडलं आणि ते कुत्र्यांना खाऊ घातलं. ते कडं शरीराला मोडता येत नाही, ते लघवीतून बाहेर येतं. साखळीत कार्बन विषम असले की बेंझॉइक आम्लापासून बनलेलं हिप्युरिक आम्ल मिळायचं, सम असले की फिनाइल-अॅसेटिक आम्लाचं संयुग. साखळी कितीही लांब घेतली तरी या दोनच गोष्टी. याचा अर्थ शरीर मेदाम्ल दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तोडतं. केवळ लघवी तपासून हा निष्कर्ष काढला होता!

पण पेशीत हे घडतं कुठे, याचं नेमकं उत्तर पुढची चव्वेचाळीस वर्षं मिळालं नाही. यकृत वाटलं की सगळंच एकत्र होतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या गटाने साखरेच्या घट्ट द्रावणात यकृत वाटून, सेंट्रिफ्यूज करून मायटोकॉन्ड्रिया अखंड वेगळे काढण्याची पद्धत दाखवली. केनेडी आणि लेनिंजर यांनी ती लगेच उचलली आणि १९४८-४९ मध्ये दाखवून दिलं की मेदाम्लं जाळण्याचं आणि क्रेब्ज चक्राचं (अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियांच्या फेऱ्याचं) काम मायटोकॉन्ड्रियात चालतं. "मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र" हे वाक्य आपल्याकडे आठवीतली पोरंही म्हणतात. त्या वाक्यामागे हे काम आहे, आणि ते करताना केनेडी पीएचडीचे विद्यार्थी होते.

पीएचडीनंतर त्यांनी प्रश्न उलटा केला. चरबी जळते कशी हे पाहून झालं, आता ती बनते कशी? विशेषतः लेसिथिन, म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन. अंड्याच्या पिवळ्या बलकात ते भरपूर असतं, आणि आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण मुख्यतः त्याच्यासारख्या रेणूंचं बनलेलं असतं. याच्या एका टोकाला कोलीन असतं. ते तिथे जोडतं कोण?

आता मुख्य गोष्ट. आर्थर कॉर्नबर्ग आणि प्रायसर यांनी दाखवलं होतं की एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) दिलं तर यकृताचा अर्क फॉस्फोकोलीन, म्हणजे फॉस्फेट जोडलेलं कोलीन, अखंडच्या अखंड लेसिथिनमध्ये बसवतो. केनेडींच्या हाती आधी जे आलं होतं ते याच्याशी जुळत नव्हतं. अशा वेळी बहुतेक लोक काय करतात? "त्यांची पद्धत वेगळी, आमची वेगळी" असं एक वाक्य लिहून पुढे जातात. मीही तसं केलं आहे, आणि त्याची खंत मला आहे. केनेडी आणि त्यांचे सहकारी सॅम्युएल वाइस तिथेच थांबले. एटीपीच्या वेगवेगळ्या नमुन्यांवर प्रयोग करून पाहिले तर एक विचित्र गोष्ट समोर आली. जरा ओबडधोबड, स्फटिक न झालेलं एटीपी वापरलं की लेसिथिन बनायचं. स्वच्छ स्फटिकरूप एटीपी वापरलं की काहीच नाही.

शुद्ध पदार्थ निकामी आणि अशुद्ध पदार्थ कामाचा. म्हणजे काम एटीपी करतच नव्हतं, त्याच्यासोबत कुपीत आलेलं दुसरंच काहीतरी करत होतं. शोधता शोधता ते सापडलं: सीटीपी, म्हणजे सायटिडिन ट्रायफॉस्फेट. एटीपीचाच भाऊबंद, पण त्या काळी त्याला असं काही स्वतंत्र काम असेल हे कुणाला माहीत नव्हतं. सीटीपी फॉस्फोकोलीनला धरतं, त्यातून सीडीपी-कोलीन तयार होतं, आणि ते आपलं फॉस्फोकोलीन डायग्लिसराइडच्या (ग्लिसरॉलला दोन मेदाम्लं जोडलेल्या रेणूच्या) हवाली करतं, की लेसिथिन तयार. १९५५-५६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुस्तकात तू ज्याला केनेडी मार्ग म्हणतेस तो हाच.

इथे एक आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एटीपी हा पदार्थ १९२९ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सापडला, जर्मनीत लोहमन यांना आणि हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात फिस्क आणि आंध्रातल्या भीमवरमहून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. याच दोघांनी १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची जी निळ्या रंगाची पद्धत दिली, तिच्या जोरावर जगभरच्या लॅबनी पिढ्यान्पिढ्या फॉस्फोलिपिड, म्हणजे लेसिथिनसारखं फॉस्फरस असलेलं लिपिड, मोजलं. मीही माझी पहिली फॉस्फोलिपिड त्या निळ्या रंगावरच मोजली. परक्लोरिक आम्लात नमुना जाळायचा, मॉलिब्डेट घालायचं आणि रंग चढण्याची वाट पाहायची.

मात्र "अशुद्धीतूनच शोध लागतो" असा अर्थ तू यातून काढू नकोस. लिपिडमध्ये हा भ्रम फार महाग पडतो. पीएचडीनंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या नमुन्यांमध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) एक सुंदर, ठळक शिखर येऊ लागलं. उपाशी उंदरांच्या यकृतात ते जास्त होतं, पोटभर खाल्लेल्यांत कमी. चार महिने मी त्याच्यामागे होते, रचना काढायच्या तयारीत होते. शेवटी एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "रिकाम्या नळीचा नमुना चालवलास का?" चालवला, तर तेच शिखर. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमधले मऊपणा आणणारे पदार्थ ओढून घेतो. उपाशी उंदरांचे नमुने मी एका प्रकारच्या नळ्यांमध्ये घेतले होते, पोटभर खाल्लेल्यांचे दुसऱ्या प्रकारच्या. त्या दिवसापासून माझ्या लॅबमध्ये क्लोरोफॉर्म काचेबाहेर जात नाही, आणि यकृत नसलेली एक नळी प्रत्येक प्रयोगात बाकीच्या नळ्यांच्या बरोबरीने सगळ्या पायऱ्यांतून जाते.

केनेडींकडे आणि माझ्याकडे आलेली गोष्ट सुरुवातीला सारखीच दिसत होती: जिथे नसायला हवं तिथे काहीतरी आहे. त्यांनी शुद्ध आणि अशुद्ध शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि मी पाहिलं नाही, फरक एवढाच. लिपिडमध्ये कारकीर्द उभी राहते ती या एका सवयीवर. न जुळणारी गोष्ट सोडायची नाही, आणि तिच्या प्रेमातही पडायचं नाही.

आता "सगळं शोधून झालं" याकडे येते. केनेडी मार्गात डायग्लिसराइड हा तिठा आहे. तिथून एक वाट लेसिथिनकडे जाते, दुसरी ट्रायग्लिसराइडकडे, म्हणजे साठवणीच्या चरबीकडे. ही दुसरी वाट वाइस आणि केनेडी यांनी १९५६ मध्ये दाखवली. डायग्लिसराइड ज्यातून येतं ती पायरी, म्हणजे फॉस्फॅटिडिक आम्लावरचा फॉस्फेट काढणारं एन्झाइम, १९५७ मध्ये. बाण काढून झाले. पण त्या बाणांवरचे एन्झाइम म्हणजे नेमकं कोणतं प्रथिन, त्याचं जनुक कोणतं? ट्रायग्लिसराइड बनवणाऱ्या एन्झाइमचं पहिलं जनुक हाती आलं १९९८ मध्ये. फॉस्फेट काढणाऱ्याचं त्याहून उशिरा, २००६ मध्ये. यीस्टमध्ये ते प्रथिन शुद्ध केल्यावर लक्षात आलं की हे तर लिपिन कुळातलं. लिपिनचं जनुक २००१ मध्येच एका उंदराच्या वाणात सापडलं होतं. त्या उंदरांच्या अंगावर चरबी धरत नसे आणि पिल्लांचं यकृत मेदाने भरलेलं असे. जनुक माहीत होतं, पण ते काय काम करतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. एन्झाइमचं काम माहीत होतं, पण प्रथिन ठाऊक नव्हतं. दोन टोकं जुळायला पहिल्या शोधापासून एकोणपन्नास वर्षं लागली. केनेडी तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. २०११ मध्ये ते गेले.

इतका उशीर का? कारण हे रेणू पाण्यात राहत नाहीत. त्यांच्यावर काम करणारे बरेचसे एन्झाइम पेशीच्या पटलांत, म्हणजे आवरणांत, रुतलेले असतात. बाहेर काढायला डिटर्जंट घातलं की अनेकदा कामच थांबतं. जनुकांची मोठी लाट आली तेव्हा हुशार मुलं तिकडे गेली, कारण तिथे उत्तरं लवकर मिळत होती. लिपिड मागे पडलं ते अवघड होतं म्हणून, संपलं होतं म्हणून नव्हे. तुझ्या वरिष्ठांचा घोटाळा इथे होतो आहे असं मला वाटतं.

तुझ्या दुसऱ्या लॅबचा विषय यकृत आहे, म्हणून आणखी थोडं. १९३२ मध्ये चार्ल्स बेस्ट (इन्शुलिनच्या शोधातले तेच) यांनी दाखवलं की आहारात कोलीन कमी पडलं तर यकृतात चरबी साचते. तेव्हा याचं कारण कळलेलं नव्हतं. केनेडी मार्गाने ते कळलं. यकृत आपली चरबी बाहेर पाठवतं ती छोट्या पाकिटांमधून, आणि त्या पाकिटाचं वेष्टन लेसिथिनचं असतं. वेष्टन कमी पडलं की माल गोदामातच राहतो. आज सोनोग्राफीच्या रिपोर्टवर घरोघरी दिसणारा "फॅटी लिव्हर" हा शब्द या तिठ्यापर्यंत येऊन पोहोचतो. कुणाच्या यकृतात तिठ्यावरून जास्त माल कुठे वळतो आणि का, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही.

हाच मार्ग आणखी एका ठिकाणी भेटतो, तिथे त्याचं मोल मी स्वतः पाहिलं आहे. फुप्फुसातले फुगे श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून आतून एक थर असतो. त्यातला मुख्य घटक लेसिथिनच, दोन्ही बाजूंना पामिटिक आम्ल असलेलं. १९५९ मध्ये बोस्टनला मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवलं की अपुऱ्या दिवसांची, श्वासाला धापा टाकत दगावलेली जी बाळं होती त्यांच्या फुप्फुसात हा थर पुरेसा नव्हता. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी लवकर कळा सुरू झालेल्या आयांना स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊन बाळांची फुप्फुसं आधी तयार होतात हे सिद्ध केलं. लेसिथिनची निर्मिती वाढणं हा त्या तयारीचाच भाग. माझी भाची आठवा लागण्याआधीच जन्मली. वहिनीला ती इंजेक्शनं मिळाली होती. काचेच्या पेटीत तिची इवलीशी छाती वर-खाली होताना मी बघत होते, आणि डोळ्यांसमोर केनेडींच्या लॅबमधल्या त्या दोन कुप्या होत्या. ती मुलगी आता कॉलेजात आहे.

केनेडी १९५९ मध्ये हार्वर्डला गेले आणि तिथे त्यांनी प्राणी सोडून जिवाणू हाती घेतले. कारण सरळ होतं: ई. कोलायची जनुकं हवी तशी बदलता येत होती. त्याचं फॉस्फोलिपिड पायरीपायरीने उलगडलं. तिथेही सायटिडिन भेटलं, पण दुसऱ्या बाजूला चिकटलेलं. त्यातच १९६५ मध्ये फ्रेड फॉक्स यांच्यासोबत त्यांनी लॅक्टोज पेशीत आणणारं प्रथिन खुणा लावून ओळखलं. पटलातलं वाहतूक करणारं प्रथिन असं पकडणं त्या काळी फार मोठी गोष्ट होती. लिपिडवाला माणूस प्रथिनाकडे कसा गेला, असं तेव्हा वाटलं असेल. पुढे त्यांच्या लॅबमध्ये काम केलेल्या विल्यम डाउहान यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की ई. कोलायच्या पटलातून फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन काढून टाकलं तर लॅक्टोजचं हेच प्रथिन पटलात अर्धं उलटं बसतं, आणि ते लिपिड परत दिलं की सरळ होतं. पटल म्हणजे नुसती भिंत आणि प्रथिन म्हणजे खरा कारागीर, असं आपण शिकतो. इथे भिंतच कारागिराला कसं उभं राहायचं ते सांगते आहे. जनुक-संपादनाच्या लॅबमध्ये गेलीस तर हे तुझ्या नजरेस पडायचं नाही, कारण लिपिडसाठी जनुक नसतं. लिपिड बनवणाऱ्या एन्झाइमांसाठी असतं. जनुकाची ओळ वाचून पेशीत कोणतं लिपिड किती आहे हे सांगता येत नाही. ते मोजावंच लागतं.

आणि आपल्याकडचं काम? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचं २००४ सालचं एक पान लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलात आहे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणाऱ्या माणसात इतकी चरबी! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही अशीच असल्याचं दाखवलं आहे, वजनाने कमी पण चरबी राखून असलेली. हा प्रश्न लिपिडचा आहे, तो आपल्या घरांतला आहे, आणि तो बाहेरचं कुणी येऊन आपल्यासाठी सोडवेल अशी वाट बघण्यात अर्थ नाही.

पगार-बिगार तुला माहीत आहेच. जेआरएफचे महिन्याला ३७,००० रुपये जनुकांत गेलीस तरी तेवढेच. पहिला चांगला निकाल मात्र लिपिडमध्ये उशिरा येतो. तुझ्या बरोबरीच्या मैत्रिणींचे पेपर आधी निघतील आणि तिसऱ्या वर्षी तुला वाईट वाटेल. हे आधी सांगितलेलं बरं.

गाइडला भेटशील तेव्हा कोणत्या जर्नलात छापता ते विचारू नकोस. मास स्पेक्ट्रोमीटर कुणाचा, महिन्यातून किती दिवस मिळतो, अंतर्गत मानकं (मोजणीला आधार म्हणून नमुन्यात मिसळायची ठरावीक लिपिडं) विकत घेतात की बनवतात, नमुने किती अंशांवर आणि किती दिवस ठेवतात, ते विचार. असंतृप्त मेदाम्लं हवेत खराब होतात. शेंगदाणे खवट होतात तसंच, फक्त तुला वास येत नाही आणि आलेख बिघडतो. नायट्रोजनखाली नमुने ठेवण्याबद्दल गाइड उत्साहाने बोलू लागले तर ती लॅब चांगली आहे. लॅबमधल्या जुन्या मुलांना एकटं गाठून विचार की शेवटचा न जुळलेला निकाल कोणता होता आणि त्याचं काय केलं.

आणि निर्णय घेण्याआधी दोन दिवस मागून घे आणि एकदा स्वतःच्या हाताने यकृतातलं लिपिड काढून बघ. १९५७ ची फोल्च यांची पद्धत, क्लोरोफॉर्म दोन भाग, मेथॅनॉल एक भाग, मग थोडं मीठपाणी. सेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढलीस की वर पाणी-मेथॅनॉल दिसेल, मध्ये प्रथिनांची पांढरी चकती, आणि खाली क्लोरोफॉर्ममध्ये तुझं सगळं लिपिड. काचेचा पिपेट चकतीच्या कडेने हलकेच खाली न्यायचा, नेताना टोकातून हवेचा एखादा बुडबुडा सोडत राहायचा म्हणजे वरचा थर आत शिरत नाही, आणि चकती न हलवता खालचा थर उचलायचा. पहिल्या दोन-तीन वेळा ती हलेल. चौथ्या वेळी जमतं. यकृत न घातलेली एक नळी शेजारी ठेवायला विसरू नकोस.